नारिंगी म्हणजे लाल नव्हे

दोना ओस्मारीनाच्या, म्हणजे ओस्मारीनाबाईंच्या, घराला पांढरा रंग होता. नदीकाठच्या पारिंतिन्स गावात घर एकतर लाल असतं नाहीतर निळं. पांढरं घर दिसलं की लोक समजून जायचे, इथे नवरा-बायकोचं अजून ठरलेलं नाही.

गावात बैल दोन. दोन्ही कापडाचे, आत माणूस शिरून नाचवतो तसले. लालवाल्यांचा बैल पांढरा, कपाळावर लाल बदाम. निळ्यांचा काळा, कपाळावर निळी चांदणी. जूनच्या शेवटी तीन रात्री त्यांची चढाओढ लागते आणि उरलेलं वर्षभर गाव तिचा निकाल कसा चुकला यावर बोलतं. माणूस जन्मतो तोच एका बाजूचा, आणि मरेपर्यंत दुसऱ्या बाजूच्या बैलाचं नाव तोंडातून काढत नाही. 'तिकडचा' म्हणायचं, की ज्याला समजायचं त्याला समजतं. ही गोष्ट सांगणाराही लाल गल्लीत वाढलेला, तेव्हा निळ्यांच्या बैलाचं नाव इथे कुणी शोधू नये. न्याय म्हणून आपल्याही बैलाचं नाव त्यानं गिळलं आहे. त्याचा त्याला किती त्रास झाला, ते तोच जाणे.

ओस्मारीना लाल गल्लीतली, आणि नुसती लाल गल्लीतली नव्हे. चढाओढीच्या रात्री लालवाल्यांच्या बाजूला हजारो घसे एकदम उठायचे, त्यांना उठवणारा पहिला घसा हिचा. आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. नदीपलीकडच्या म्हशी मान वर करतात असं लोक म्हणत, आणि ती ते खोडून काढत नसे.

नवरा देओदातो तिकडचा. प्रेमात पडताना दोघांनी एकमेकांची बाजू विचारली नाही, आणि विचारली तेव्हा फार उशीर झाला होता. लग्नाआधी ओस्मारीनानं एकच अट घातली. घरात कुणी कुणाच्या बैलाचं नाव घ्यायचं नाही आणि दुसऱ्याला घ्यायला लावायचं नाही. देओदातो म्हणाला, "माझी जीभ तशीही त्या नावाला वळत नाही." मुलं झाली, मोठी होऊन मानाउस शहरात कामाला गेली, तरी अट शाबूत होती. देओदातोच्या लेखी टोमॅटो कधी लाल नसे, तो पिकलेला असे. ओस्मारीनाला आभाळ कधी निळं दिसलं नाही, फार तर मोकळं दिसायचं. शिवणाचा धंदा म्हटल्यावर निळा दोरा ठेवावा लागे, पण ती रिळं वेगळ्या डब्यात असत आणि लागेल तेव्हा ती नवऱ्याला हाक मारून म्हणे, "तिकडचा दोरा काढून दे." सणाचे तीन दिवस ती बहिणीकडे लाल गल्लीत राही, तो भावाकडे. चौथ्या दिवशी दोघं घरी परतत, आणि ज्याचा बैल हरला असेल तो मासे तळत असे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, देओदातो काम करायचा त्या नदीच्या धक्क्यावर सेऊ आर्लिंदो, म्हणजे आर्लिंदोराव, हे नवे साहेब आले. मानाउसचे, भला माणूस, कुठल्याच बैलाचे नाहीत. आल्या आल्या त्यांनी पाहिलं की हमाल आणि ट्रकला वाट दाखवणारी माणसं पहाटेच्या अंधारात नुसत्या सावल्यांसारखी वावरतात. म्हणून ते कापडाचे दोन तुकडे घेऊन ओस्मारीनाकडे आले.

"दोना ओस्मारीना, धक्क्यावरच्या सगळ्यांसाठी जाकिटं शिवायचीत. चमकणारी. ड्रायव्हरला लांबून माणूस दिसला पाहिजे. हे दोन रंग, दोन्ही चालतील. तुम्ही इथल्या, तुम्हीच निवडा."

एक तुकडा नारिंगी. दुसरा कच्च्या लिंबासारखा पिवळट पोपटी, डोळ्यांत घुसणारा.

"बघावं लागेल," ओस्मारीना गंभीरपणे म्हणाली. "घाईचं काम नव्हे हे."

ती दोन्ही तुकडे घेऊन परसात गेली. दोरीवर टाकले, लांब जाऊन डोळे बारीक करून पाहिले. साहेब खिडकीतून कौतुकानं बघत होते. मग त्यांच्याकडे पाठ करून तिनं दोन्ही तुकड्यांची टोकं बादलीत बुडवली. पोपटी भिजला तरी पोपटीच राहिला. नारिंगी मात्र भिजल्यावर गडद झाला, आणखी गडद झाला आणि जवळजवळ लाल झाला.

ओस्मारीना ते ओलं टोक हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. धक्क्यावरची माणसं दहा वाजायच्या आत घामानं निथळतात. त्यांतली निम्मी तिकडची. तिकडच्यांच्या पाठी रोज दहा वाजता आपोआप रंगतील, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि तिला इतकं समाधान वाटलं, की आत जायच्या आधी तोंड पुसण्याच्या निमित्तानं हसू पुसून घ्यावं लागलं.

"नारिंगी," ती आत येऊन म्हणाली. "इथे काठ हिरवा, झाडं हिरवी. पोपटी माणूस त्यात हरवून जाईल."

कारण खरंच होतं. खोडी करणाऱ्याला खरं कारण सापडलं की त्याला आवरणं कठीण.

पण काम तिनं चोख केलं, हे मान्य करायला हवं. उकाड्यासाठी काखेत जाळीचं कापड लावलं. डोक्यावर पोतं घेतलं की खांद्यावरची चमकती पट्टी झाकली जाते, म्हणून एक पट्टी खाली कमरेशी घेतली. बाजू शिवून न टाकता वेल्क्रोनं जोडल्या, म्हणजे ट्रकच्या आकड्यात काही अडकलंच तर जाकीट जावं, माणूस राहावा. देओदातोचं जाकीट तिनं सगळ्यांत शेवटी शिवलं आणि त्याची प्रत्येक शिवण दोनदा मारली. त्याचं काम सगळ्यांत वाईट होतं. ट्रक उलटे चालवत उतरणीवरून नदीतल्या सपाट तराफ्यावर चढवतात, आणि त्या उलट्या येणाऱ्या ट्रकच्या मागे उभं राहून हात हलवायचे, ते याचे.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी गुपचूप जाकिटं घातली. तिकडच्यांनी कापड बोटांनी चाचपलं, एकमेकांकडे पाहिलं, पण नारिंगी म्हणजे काही लाल नव्हे असं म्हणून कामाला लागले. दहा वाजले. लाल गल्लीतला जेनिव्हाल नावाचा हमाल पोतं खाली ठेवून उभा राहिला आणि तिकडच्यांच्या पाठींकडे पाहत आपल्या बैलाचं गाणं गुणगुणायला लागला. मग दुसरा, मग तिसरा. तिकडच्यांना वाटलं, यांना झालंय काय? तेवढ्यात देओदातोनं पुढच्या माणसाची पाठ पाहिली. मग आपलं जाकीट पुढे ओढून पाहिलं.

दुपारपर्यंत तिकडच्यांची जाकिटं धक्क्यावर जागोजागी दिसू लागली. एक बर्फाच्या पेटीवर, एक हातगाडीच्या दांड्यावर, एक तर धक्क्यावरच्या कुत्र्याच्या अंगात. कुत्रं मात्र लांबूनही झकास दिसत होतं.

सेऊ आर्लिंदो संतापले. "उद्यापासून जाकीट अंगात नसेल, त्यानं धक्क्यावर पाऊल ठेवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिकडचे सगळे आपापल्या गडद निळ्या शर्टात हजर. देओदातो सर्वांत पुढे. साहेबांनी विचारलं, "जाकीट कुठाय?" देओदातोनं शर्टाची वरची दोन बटणं काढली. आत नारिंगी.

"हे काय आहे?"

"अंगात म्हणालात ना साहेब. अंगातच आहे. अंगावर म्हणाला नव्हतात."

लांबून दिसावं म्हणून शिवलेलं जाकीट शर्टाच्या आत घालायची अक्कल जगात दुसऱ्या कुठल्या गावाला सुचली असेल असं वाटत नाही. साहेबांनी कपाळावर हात मारला. सणाची गर्दी तोंडावर आली होती, बोटींवर बोटी लागत होत्या, माणसं काढून टाकून चालणार नव्हतं. "सण झाला की बघतो एकेकाकडे," म्हणाले आणि गप्प बसले.

ही गोष्ट मासळीबाजारात ओस्मारीनाच्या कानावर आली. सगळे हसत होते, तीही हसली. घरी येईपर्यंत हसू उतरलं. पहाटेची वेळ, काळंभोर पाणी, गडद निळा शर्ट आणि मागे येणारा ट्रक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या संध्याकाळी देओदातो एका पायात चप्पल घालून घरी आला.

"दुसरी कुठाय?"

"ट्रकला आवडली, त्यानं ठेवून घेतली."

"आणि पाय?"

"पाय मी ठेवून घेतला." तो हसत मोरीकडे गेला.

ओस्मारीनाला हसू आलं नाही. ताटात मासा वाढता वाढता ती म्हणाली, "म्हाताऱ्या, जाकीट शर्टावरून घाल."

"त्यापेक्षा ट्रकखाली गेलेलं बरं."

"तुला पोपटी शिवून देते. तुकडा उरलाय माझ्याकडे."

"मी एकटा पोपटी घालू आणि माझी माणसं तशीच? उद्यापासून पेरू दाखवतील मला." त्यानं माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "मला एक सांग. हा रंग कुणी निवडला?"

"साहेबानं," ओस्मारीना म्हणाली.

"साहेबाला काय ठाऊक, कापड भिजल्यावर काय होतं ते."

"नाहीच ठाऊक. म्हणून तर निवडला."

देओदातो तिच्याकडे बघत राहिला. तिनं मान खाली घालून कसाव्याचं भाजकं पीठ उगाच दोनदा वाढलं. 'मी निवडला' असं तिथल्या तिथे म्हणून टाकलं असतं, तर गोष्ट कदाचित तिथेच मिटली असती. पण तिकडच्या माणसापुढे, मग तो नवरा का असेना, हार मानायची सवय तिच्या जिभेला नव्हती. आता तिच्या मनाला एकच घोर लागला. सण येईपर्यंत या माणसाला धड ठेवायचं, आणि तेही आपली खोडी कबूल न करता.

पुढचे दिवस तिनं नाना उपाय केले. एकदा त्याचे सगळे निळे शर्ट एकदम भिजत घातले, तर तो ओला शर्ट पिळून घालून गेला. मग देवाची शपथ घातली. तो म्हणाला, "देव कुठल्या बाजूचा ते आधी ठरू दे." शेवटी ती रोज पहाटे त्याची न्याहारी घेऊन धक्क्यावर जायला लागली. इतकी वर्षं कधी गेली नव्हती. लोक म्हणाले, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. ती न्याहारीचा डबा हातात धरून उतरणीच्या वरच्या टोकाला उभी राही, आणि त्या अंधारात आपला माणूस नेमका कुठे आहे ते शोधत राही. लालवाले लख्ख दिसत. तिकडचे दिसत नसत. तिनंच शिवलेल्या चमकत्या पट्ट्या, तिनंच दोनदा मारलेल्या शिवणी, सगळं शर्टाखाली.

एके दिवशी पहाटे सणाच्या मांडवासाठी लोखंडी नळ्या भरलेला ट्रक आला. ड्रायव्हर बाहेरगावचा नव्हे, लाल गल्लीतलाच, पण ट्रक नवा आणि नळ्या मागे चांगल्या हातभर बाहेर आलेल्या. देओदातो मागे उभा राहून हात हलवत होता. तराफ्यावर चढायच्या फळीला टेकू दिलेला लाकडी अडणा जागचा सरकला, तो सरळ करायला तो खाली वाकला. वाकल्याबरोबर दिसेनासा झाला. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, वाट मोकळी दिसली, आणि ट्रक मागे घेतला.

ओस्मारीनानं पाहिलं. "देओदातो," ती ओरडली. पण धक्क्यावर त्याच्या नावानं दिवसभर कुणी ना कुणी ओरडतच असतं. त्यानं हातानंच 'थांब' केलं आणि अडणा ठोकत राहिला. नळ्यांची टोकं त्याच्या पाठीकडे येत होती. ती पुन्हा ओरडली. जेनिव्हालही ओरडला. इंजिनाच्या घरघरीत कुणाचंच काही पोचेना.

तेव्हा दोना ओस्मारीनानं डबा टाकला, छाती भरून श्वास घेतला, आणि हजारो घसे उठवणाऱ्या त्या घशातून निळ्यांच्या बैलाचं नाव घेतलं. पुरं नाव. शेवटच्या अक्षरापर्यंत.

सगळा धक्का थांबला. पोती डोक्यावर होती ती डोक्यावरच राहिली. सणात तिकडचा बैल नाचत असताना आपल्या बाजूनं जी मुकी शांतता पाळायची असते, तसली शांतता पसरली, फक्त या वेळी दोन्ही बाजूंनी. ड्रायव्हरनं खाडकन ब्रेक मारला, ते माणूस दिसला म्हणून नव्हे. आपण ऐकलं ते खरंच ओस्मारीनाच्या तोंडून आलं का, हे बघायला त्यानं डोकं बाहेर काढलं होतं. आणि देओदातो, ज्याला स्वतःचं नाव ऐकू आलं नव्हतं, तो ताडकन उभा राहिला आणि वळला. नळ्यांची टोकं त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबलेली होती.

त्यानं नळ्यांकडे पाहिलं. मग उतरणीच्या वर पाहिलं. ओस्मारीना रडत होती, पण तिनं मान ताठ ठेवली होती.

जेनिव्हालनं पोतं हळूच खाली ठेवलं. "दोना ओस्मारीना," तो घाबरत घाबरत म्हणाला, "तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"काही नाही," ओस्मारीना पदरासारखा स्कर्टचा काठ उचलून डोळे पुसत म्हणाली. "खोकला आला होता."

दुपारपर्यंत हा खोकला गावभर झाला. लाल गल्लीत तिच्या बहिणीनं दार लावून घेतलं आणि तिकडच्या वस्तीत फटाके वाजले. ओस्मारीना घरी मशीनसमोर बसून होती. दोन शिवणी वाकड्या गेल्या, तिनं त्या उसवल्या, पुन्हा मारल्या, पुन्हा वाकड्या गेल्या.

देओदातो आला तो दारातच थांबला. मग निळा शर्ट काढला, आतलं जाकीट काढलं, शर्ट परत घातला आणि त्याच्यावर जाकीट चढवलं. घामानं चिंब झालेलं, लालभडक. वेल्क्रो दाबून बसवत म्हणाला, "रंग तू निवडलास ना?"

"हो."

"बादलीत बुडवून बघितलं असशील."

"हो."

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. साहेबाच्या डोक्यात एवढा द्वाड विचार येणार नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलतेस का, ते बघत होतो." तो खुर्चीवर टेकला. "बोललीस म्हणा. जरा मोठ्यानं बोललीस."

दुसऱ्या दिवशी तो तसाच धक्क्यावर गेला. तिकडच्यांनी त्याला घेरलं. देओदातो एवढंच म्हणाला, "तिनं नाव घेतलं, मी रंग घातला. ज्याला काही म्हणायचंय, त्यानं आधी आपल्या बायकोकडून नाव घेऊन दाखवावं." कुणी पुढे झालं नाही. पण ती पाठ वीतभरानं वाचलेली सगळ्यांनी पाहिली होती. संध्याकाळी तिकडचे एकेक करत ओस्मारीनाच्या दारी आले, जाकिटं काखेत धरून, भलतीकडे बघत. शर्टावरून घालू म्हणाले, पण पाठीवर चमकत्या पट्टीची चांदणी हवी. जन्मात ओस्मारीनाच्या कात्रीनं चांदणी कापली नव्हती. तिनं पट्टी उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "रुपेरी आहे ही. रुपेरी म्हणजे काही निळी नव्हे." आणि कापायला बसली. मग लालवाल्यांना बदाम द्यावे लागले, ते सांगायला नकोच. पहाटे ट्रकचा उजेड पडला की उतरणीवर चांदण्या आणि बदाम पेटायचे. सेऊ आर्लिंदो मानाउसला गेले की आपली हुशारी म्हणून ही गोष्ट सांगत.

जूनचा शेवट आला. ओस्मारीनानं पिशवी भरली. बहिणीनं दार उघडलं होतं, पण पहिला घसा यंदा दुसऱ्या कुणाचा, असं लाल गल्लीनं ठरवलं होतं. ज्या तोंडानं ते नाव घेतलं, त्याच तोंडानं हे कसं घेणार? ओस्मारीनाला ते फार लागलं होतं. लाल ब्लाउज घालून ती दारात उभी राहिली आणि पायातली चप्पल उगाच नीट करत राहिली.

देओदातो पाठमोरा उभा राहून चुलीवर कॉफी ढवळत होता. नारिंगी जाकीट खुंटीला, चांदणी भिंतीकडे. तो ढवळायचा थांबला. मग भांड्यात तोंड घालून, अगदी हळू, एक नाव बोलला. तिच्या बैलाचं. पुरं, शेवटच्या अक्षरापर्यंत.

ओस्मारीनाच्या हातातली पिशवी खाली आली.

"काय म्हणालास, म्हाताऱ्या?"

देओदातो वळला नाही. त्याचे कान टोमॅटोसारखे पिकले होते.

"काही नाही," तो म्हणाला. "खोकला आला होता. जा तू, उशीर होतोय. आणि घसा सांभाळ."